नॅनोविज्ञानातील उन्हाळी संशोधन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नॅनोविज्ञानाची प्रयोगशाळा आतून पाहण्याची संधी आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत मिळत नाही, कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त राखलेली प्रयोगशाळा, परवडणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. ही उणीव उन्हाळी फेलोशिप काही प्रमाणात भरून काढतात. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तीन संस्था मिळून विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची फेलोशिप देतात. बंगळुरूजवळ जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू सेंटरची स्वतःची वेगळी फेलोशिप आहे. मी अकादम्यांच्या योजनेतून बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत सोन्याच्या नॅनोकणांवर, म्हणजे मीटरच्या अब्जांशात (नॅनोमीटरमध्ये) मोजल्या जाणाऱ्या कणांवर, काम केले. पुढील सूचना त्या अनुभवावर आधारलेल्या आहेत.

उन्हाळ्याचे अर्ज बरेच आधी, अनेकदा आदल्या वर्षीच मागवले जातात, त्यामुळे दिवाळीच्या आधीच तयारीला लागावे. अर्जात आपल्याला काय करायचे आहे हे थोडक्यात लिहावे लागते आणि तिथेच बरेच अर्ज फिके पडतात. ‘मला नॅनोतंत्रज्ञानाची आवड आहे’ या वाक्याने निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा एखाद्या मार्गदर्शकाचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचून, समजले तेवढ्यावरून एक नेमका प्रश्न मांडावा. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या व्यक्तीपेक्षा, आपल्याला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलेल्या शिक्षकांकडून घेतलेले चांगले.

नवख्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा आधी सोने येते, कारण त्याची कृती जुनी आणि भरवशाची आहे. 1951 साली रसायनशास्त्रज्ञ टर्केविच आणि सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या पद्धतीत क्लोरोऑरिक आम्लाच्या उकळत्या, विरळ द्रावणात सोडियम सायट्रेट घालतात. फिकट पिवळे द्रावण आधी रंगहीन होते, मग काळपट निळसर आणि काही मिनिटांत माणकासारखे लाल. हे कण साधारण 10 ते 20 नॅनोमीटरचे असतात आणि 520 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषतात. काचेची भांडी मात्र त्याआधी अ‍ॅक्वा रेजियाने, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने, फ्यूम हूडखाली (घातक वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) वरिष्ठांच्या देखरेखीतच धुवावीत. हे काम कंटाळवाणे वाटते, पण भांड्याला चिकटून राहिलेल्या जुन्या कणांवर नवे सोने वाढू लागते आणि सगळी बॅच बिघडते.

खरे शिक्षण कण मोजताना होते. त्याच नमुन्याचा आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक एक सांगतो आणि द्रावणातील कणांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून आकार काढणारे डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगचे यंत्र, म्हणजे डीएलएस, दुसराच, बहुधा मोठा. यातले चूक कोणते, असे नवखा विचारतो. पण दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. सूक्ष्मदर्शकात सुकवलेल्या कणाचा सोन्याचा गाभा दिसतो, तर डीएलएसला पृष्ठभागावरच्या सायट्रेट-पाण्याच्या थरासह हलणारा कण जाणवतो. शिवाय इतक्या लहान कणांकडून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो, म्हणून दहापट मोठा एक पुंजका सुमारे दहा लाख लहान कणांइतका प्रकाश फेकतो आणि मोजणीवर कब्जा करतो. उलट बाजूही आहे: द्रावणात सुटे असलेले कण ग्रिडवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर, थेंब सुकताना एकत्र येतात, त्यामुळे चित्रातल्या घोळक्यावरून कण पाण्यातही एकमेकांना चिकटलेले होते असे ठरवता येत नाही. पाण्यातली अवस्था कळायची तर वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख, पाहावा. पुंजके झाले असतील तर शिखर लांब तरंगलांबीकडे सरकते आणि द्रावण जांभळे-निळे दिसते. हे उमगले की उठावदार छायाचित्रांवरचा भाबडा विश्वास थोडा कमी होतो आणि तो व्हायलाच हवा, असे माझे मत आहे.

इलेक्ट्रॉनिक्स किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रसायनांपेक्षा उपकरण-निर्मिती जवळची वाटेल. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथे सुरू झालेला इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम बाहेरच्या संस्थांतील लोकांना तिथल्या सुविधा वापरण्याची वाट मोकळी करतो; चौकशी आपल्या प्राध्यापकांमार्फत करावी. क्लीनरूमच्या लिथोग्राफी कक्षात, म्हणजे प्रकाशाने सूक्ष्म नक्षी उमटवतात तिथे, पिवळा प्रकाश असतो, कारण त्यासाठी वापरला जाणारा फोटोरेझिस्ट हा लेप निळ्या आणि अतिनील प्रकाशाला संवेदनशील असतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाला मात्र प्रशिक्षणाशिवाय हातही लावू नये.

दोन महिन्यांत नवा शोध लागत नाही आणि कोणी तशी अपेक्षाही धरत नाही. खरी अडचण यंत्राच्या वेळेची असते: मोठ्या यंत्रांवर अनेक गटांच्या रांगा लागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात स्लॉटची पद्धत समजून घेऊन, नमुना तयार होण्याआधीच मागणी नोंदवावी. वहीत तापमान, ढवळण्याचा वेग, रसायनाची बाटली केव्हा उघडली हेही लिहावे. एखादी बॅच वेगळी निघाली तर कारण याच नोंदींत सापडते. अहवाल सहाव्या आठवड्यापासून लिहायला घ्यावा. परतण्यापूर्वी मूळ मोजमापांच्या फायली मार्गदर्शकांच्या संमतीने घ्याव्यात आणि प्रयोगशाळेतील कोणतेही चित्र महाविद्यालयातील पोस्टरवर लावण्याआधी त्यांना लेखी विचारावे, कारण ती माहिती त्या गटाच्या अप्रकाशित शोधनिबंधाचा भाग असू शकते.