रस्त्यावर फौजी दिसला तर नाव नाही, नंबर विचारायचा

मी सिस्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी झाली, शेवटची वर्षं मनोविकार वॉर्डात काढली, माझे वडील फौजेत होते हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून वॉर्डात रस्त्यावर भटकणारा, डोकं बिघडलेला फौजी कोणी आणला की बाकीच्या मला हाक मारायच्या, "ये, तुझा पाव्हणा आला." आता रिटायर झाले तरी फोन येतात. सिस्टर, आमच्या चौकात एक बाबा बसून राहतो, मिलिटरीतला वाटतो, अंगावर धड कपडे नाही, काय करू. दर वेळेस तेच सांगून राहिले म्हणून एकदाचं लिहून काढते, लागेल तसं वापरा.

आपल्या खान्देशात असे लोक जास्त का दिसतात तर भुसावळ जंक्शन. माणूस डोक्यातल्या गोंधळात कुठल्या तरी गाडीत बसतो, बिहारातून, यूपीतून, नेपाळच्या बाजूचाही असतो, तिकीट नाही म्हणून कुठंतरी उतरवतात, आणि भुसावळला जवळपास सगळ्या गाड्या थांबतात. तिथून मग चालत चालत वरणगाव, जळगाव, नाहीतर चाळीसगाव. सारंगखेड्याच्या यात्रेत पण मी दोनदा पाहिले, जिथं जेवण फुकट मिळतं तिथं ते असतात.

पहिले एक गोष्ट. चट्ट्यापट्ट्याची पँट घातली म्हणजे फौजी नाही, ती पँट बाजारात ढिगावर मिळते. मी दुसरं बघते. घोंगडी चौकोनी घडी घातलेली असते का, पाठ भिंतीला लावून बसतो का म्हणजे मागून कोणी येऊ नये असा, सकाळी अंधारात उठून जागा झाडतो का, चप्पल एका रेषेत ठेवतो का. कपडे फाटतात, दाढी वाढते, पण ही सवय जात नाही भो. आणि समजा फौजी नसला, नुसताच भ्रमात म्हणतो मी कर्नल आहे, तरी काय बिघडलं, उपचार त्यालाही तेवढेच लागतात. त्याची परीक्षा घेऊ नका. "कर्नल आहेस ना, मग सॅल्यूट मार" म्हणणारी पोरं मी पाहिली, आणि त्यानंतर त्या माणसाने उचललेला दगडही पाहिला, आणि मग सगळे म्हणे वेडा अंगावर येतो.

जवळ जायचं ते समोरून. मागून खांद्यावर हात अजिबात नाही. घोळका नको, दोघं फार झाले, आणि मोबाईल खिशात, शूटिंग करायचं नाही. चार हात लांब, थोडं बाजूला बसायचं, त्याला उठून जायला वाट मोकळी राहील असं. "राम राम साहेब" म्हणायचं, हिंदीत बोललात तरी चालतं, फौजेत सगळे हिंदीच बोलतात. गावाकडचा वाटला तर मी अहिराणीत विचारते, "काय बापू, जेवना का?" एका बापूनं आठ दिवस माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं आणि ह्या एका वाक्यावर पाहिलं. पहिल्या दिवशी चहा बिस्कीट ठेवायचं आणि उठून यायचं, बस. प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जायचं, वेळ चुकवायची नाही, सकाळी सात म्हणजे सात. वेळेवर येणाऱ्या माणसावर फौजी लवकर भरवसा ठेवतो, हे माझं मत आहे पण अनुभवातून आलेलं आहे.

झोपलेला असला तर हलवून उठवू नका. पायाकडच्या बाजूला लांब उभं राहून हाक मारायची. वॉर्डात नवीन पोरीला हे सांगायचं राहून गेलं, तिनं पहाटेच्या औषधाला गालावर हात लावला आणि त्यानं झोपेतच तिचं मनगट असं पिरगाळलं की प्लास्टर बसलं. तो बिचारा नंतर दिवसभर रडत होता. दिवाळीत, लग्नाच्या वरातीत, गणपतीत फटाके सुरू झाले की ह्यांच्यातले काही पलंगाखाली जातात, काही ओरडतात, काही नुसते गोठून बसतात. त्या वेळी "काही नाही, फटाके आहेत" एवढंच हळू आवाजात परत परत सांगायचं, आज कुठला वार, आपण कुठं आहोत ते सांगायचं, धरून ठेवायचं नाही.

आता शरीर. लोक म्हणतात डोक्याचा आजार आहे, पण मी सुरुवात पायापासून करते. पायाला जखम, त्यात किडे, हे नेहमीचं. त्यावर रॉकेल, फिनाईल, पेट्रोल ओतू नका, मी जळालेले पाय पाहिले आहेत, ते ड्रेसिंगचं काम दवाखान्याचं. आणि बरेच दिवसाचा उपाशी असला तर दया म्हणून एकदम वरण बट्टी किंवा पोटभर शेवभाजी नका खाऊ घालू. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदयावर येऊ शकतं, हे खरं आहे, पुस्तकी नाही. पहिले दोन तीन दिवस थोडं थोडं, पातळ खिचडी, अर्धं केळं, आणि डॉक्टरांना सांगायचं की हा किती दिवसाचा उपाशी आहे ते माहीत नाही, ते व्हिटॅमिन बी वन देतात.

दारूचं वेगळं सांगते कारण इथंच चांगल्या मनाची माणसं चूक करतात. रोज पिणारा असला आणि तुम्ही त्याला घरी आणून, आंघोळ घालून, दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसात फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, ताप, त्याला दिसायला लागतं की अंगावर मुंग्या चढून राहिल्या. ह्यात माणूस जातो. म्हणून हात थरथरत असतील, घाम फुटत असेल तर 108 ला फोन करायचा आणि भरतीच करायचं, घरी हिरोगिरी नाही.

केस दाढी. ही माझी स्वतःची चूक आहे म्हणून लिहिते. एक जण आला, जटा झालेल्या, उवा, आम्ही गडबडीत न्हाव्याला बोलावून सगळं साफ केलं, मिशीसकट. त्या माणसानं तीन दिवस तोंडात घास घेतला नाही. चौथ्या दिवशी माझ्याकडे बघून एवढंच बोलला, "मूंछ क्यों काटी." मला तर बोलताच येईना. तेव्हापासून आरसा समोर धरते आणि विचारते, साहेब, हे ठेवू का हे काढू. आजारी आहे म्हणून विचारायचंच नाही असं थोडी असतं.

कायद्याचं थोडं माहीत असू द्या, कारण पोलीस स्टेशनला गेलं की आमच्याकडे कशाला आणला म्हणतात, दवाखान्यात गेलं की सोबत नातेवाईक कोण म्हणतात. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्याच्या कलम 100 मध्ये लिहिलंय की आपल्या हद्दीत असा भटकणारा आजारी माणूस असला तर त्याला संरक्षणात घ्यायचं काम पोलिसांचंच आहे, 24 तासाच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि बेघर असला तर त्याच्या घरचे शोधायचे. त्याच कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे, मग ते घर असो का बाबाचा मठ. बेघर माणसाला सरकारी ठिकाणी उपचार फुकट आहेत, पिवळं कार्ड नसलं तरी. कलमाचा नंबर कागदावर लिहून न्या, भांडू नका, नुसता कागद पुढं करा, बऱ्याच वेळा तेवढ्यात काम होतं. रात्रीबेरात्री 112. स्टेशनात किंवा गाडीत असला तर 139. नुसता सल्ला पाहिजे, काय करू समजत नाही, तर 14416, टेलिमानस, मराठीत बोलतात, 24 तास चालू असतं. भरती करायला खान्देशात वेगळं मनोरुग्णालय नाही, ठाण्याला पाठवतात, पण पहिले तपासणी आणि सुरुवात जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजात होते. उगाच पहिल्याच दिवशी ठाण्याची घाई नको, माणूस घराजवळ असला तर घर सापडायची शक्यता जास्त.

आणि आता नंबर, म्हणजे भरती झाल्यावर मिळालेला फौजेतला नंबर. माझ्याकडे एक जण होता, केसपेपरवर "अनोळखी पुरुष, अंदाजे पन्नास". नाव विचारलं की छताकडे बघायचा. गाव विचारलं की छताकडे. एकोणीस दिवस असेच गेले. एके दिवशी फॉर्म भरता भरता माझ्या तोंडून वडिलांच्या आवाजात निघून गेलं, "नंबर?" आणि तो माणूस पलंगावरून उतरला, टाचा जुळवल्या आणि घडाघडा नंबर बोलला, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. नाव त्याच्या पुढच्या आठवड्यात आलं. भरतीच्या पहिल्या दिवसापासून तो नंबर इतक्या वेळा ओरडून घेतलेला असतो की सगळं पुसलं तरी तो राहतो. म्हणून नाव गाव बायको पोरं ह्या दुखऱ्या गोष्टी नंतर, पहिले नंबर, मग युनिट किंवा पलटण, मग ट्रेड म्हणजे ड्रायव्हर, गनर, कुक काय ते. शांत वेळ बघून, सरळ बसून, एकदाच विचारायचं. नाही बोलला तर सोडून द्यायचं, चार दिवसांनी परत.

नंबर मिळाला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जळगावला आहे, धुळ्याला आहे. ते रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या ऑफिसला लिहितात. कुठलं रेकॉर्ड ते रेजिमेंटवर असतं, मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगाव, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागर, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, तोफखान्याचं आपलं नाशिक रोड. बीएसएफ, सीआरपीएफवाला निघाला तर सैनिक कल्याणकडे त्याची नोंद नसते, ती दलं गृहमंत्रालयाखाली येतात, त्यांच्या त्यांच्या मुख्यालयाला लिहावं लागतं. नंबर आठवतच नसेल तर आधार केंद्रावर नेऊन बोटं, डोळे देऊन बघायचे, जुनं आधार असलं तर नवीन निघत नाही, अडकतं, आणि त्या धाग्यानं घर सापडलेलं आहे. हे पोलिसांना सोबत घेऊनच करायचं.

कागद आला की कधी कधी वाईट बातमी पण येते. कागदावर "भगोडा" असतो. सुट्टीवर आला, आजार तेव्हाच सुरू झाला होता, कोणाला कळलं नाही, परत गेलाच नाही. 30 दिवस गैरहजर राहिला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि शिक्का लागतो. मग पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, ईसीएचएसचं म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड नाही. घरच्यांनी पण लाजेनं शोधलेलं नसतं. अशा वेळी वकील लागतो, आणि आजार नोकरीत असतानाच सुरू झाला होता ह्याचा जुना कागद, मग ती गावच्या डॉक्टरची चिठ्ठी का असेना, जपून ठेवायला सांगा. फौजेच्या मेडिकल बोर्डानं आजारामुळे घरी पाठवलेला असेल तर गोष्ट वेगळी. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरती होताना आजाराची नोंद नव्हती तर आजार नोकरीमुळे झाला असंच धरायचं, नाही झाला हे सिद्ध करायचं काम सरकारचं. हे बऱ्याच घरांना माहीतच नाही, पेन्शन नाकारलेला कागद ट्रंकेत ठेवून बसलेले असतात.

घरच्यांना फोन करताना "सापडला, घेऊन जा" असं एकदम नका सांगू. माझ्या त्या एकोणीस दिवसवाल्याचं घर धुळ्याच्या बाजूला निघालं, मुश्किलीनं दोन तासाचा रस्ता, आणि घरच्यांनी त्याचा फोटो हार घालून भिंतीवर लावून टाकलेला. भाऊ पहिल्यांदा आला तर दारातच थांबला, आत येईना. त्याला बसवून चहा दिला, आजार काय, गोळ्या बंद केल्या तर काय होतं, सगळं सांगितलं, दुसऱ्या भेटीत वहिनी आली, तिसऱ्या भेटीत नेलं. तीन भेटी तरी धराच. आणि घरी गेल्यावर आखाजीचा म्हणजे अक्षय तृतीयेचा मोठा कार्यक्रम, गावभर पंगत, असलं काही करू नका, त्याला एक खोली आणि शांतता पाहिजे.

औषधं घरी चालू राहतील का ही खरी अडचण. रोजची गोळी विसरणाऱ्यासाठी महिन्यातून एकदा दोनदा घ्यायची इंजेक्शनं असतात, डॉक्टरांना त्याबद्दल नक्की विचारा. आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा, भुसावळ जळगावला पारा 45 च्या वर जातो. ह्या आजाराच्या काही गोळ्यांनी, खास करून हात थरथरू नये म्हणून सोबत देतात त्या गोळीनं, घामच कमी येतो आणि अंग आतल्या आत तापतं. लिथियम चालू असेल तर पाणी कमी पडलं की औषध रक्तात साचतं. उलट्या, जुलाब, तोल जाणं, हात जोरात थरथरणं दिसलं की ताबडतोब दवाखाना. एप्रिल मेमध्ये दुपारी अकरा ते चार शेतात पाठवायचं नाही, माठातलं पाणी आणि ताक चालू ठेवायचं, मीठ एकदम बंद करायचं नाही. स्वतःच्या मनानं गोळी पण बंद करायची नाही.

पेन्शन लागली असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचं काम घरात एकानं अंगावर घ्या, राहिला की पैसे थांबतात आणि औषधाच्या आधी घरातलं वातावरण बिघडतं.

तो एकोणीस दिवसवाला अजून येतो इंजेक्शनला, एसटीनं, एकटा, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन, ओपीडी उघडायच्या अर्धा तास आधी. मला वॉर्डातल्या पोरींनी सांगितलं. खिडकीवरचा नवीन मुलगा नाव विचारतो, हा नंबर सांगतो. मुलानं दोनदा कटकट केली, तिसऱ्या वेळेपासून नावाच्या रकान्यात नंबरच लिहितो.