वन-शॉट नेमका कुठे फसला हे पेन्सिल घेऊन शोधायचं कसं

गेल्या महिन्यात एका सुपरहिरोचा वन-शॉट, म्हणजे एकाच अंकात सुरू होऊन संपणारं कॉमिक, वाचला. नाव घेत नाही. चाळीस पानं, जाड कागद, मुखपृष्ठावर गळ्यापर्यंत पाण्यात अडकलेला नायक. आत पाण्याचा थेंब नाही! मिटला तेव्हा चार शिव्या हासडून मोकळं व्हावंसं वाटलं. पण 'बोअर आहे' म्हणून काही कळत नाही, आणि चिडून पैसेही परत येत नाहीत. म्हणून तोच अंक दुसऱ्यांदा घेऊन बसले, या वेळी पेन्सिल आणि कोरा कागद घेऊन. कुठल्याही फसलेल्या वन-शॉटला ही तपासणी लावता येते. तासभर पुरतो.

सगळ्यात आधी पानांचा हिशेब मांडा, कारण वन-शॉटमध्ये पान हाच पैसा. पुढच्या अंकात उधारी फेडायची सोय नसते. कागदावर १ ते ४० आकडे लिहा आणि प्रत्येकापुढे एकच ओळ: या पानाच्या शेवटी काय बदललं? काहीच बदललं नसेल तर शून्य. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. माझ्या अंकात पहिली ९ पानं आईवडिलांच्या मृत्यूच्या आठवणीत गेली होती. हे ज्याला माहीत नाही असा वाचक हा अंक हातात घेईल कशाला? पुढची ६ पानं दुसऱ्याच मालिकेत घडून गेलेल्या भानगडीचा खुलासा. शिवाय दोन-दोन पानांवर पसरलेली तीन भव्य चित्रं, म्हणजे आणखी ६. उरली १९. नेहमीच्या मासिक अंकात गोष्टीला साधारण २० पानं मिळतात. म्हणजे 'जम्बो' म्हणून घेतलेल्या अंकात गोष्ट नेहमीपेक्षाही एका पानाने कमी. खलनायक उगवतो तो थेट पान २३ वर.

कुणी म्हणेल, एवढ्या जागेत होणार तरी काय. १९६२ साली 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो ११ पानांत. कोळी चावणं, अंगात ताकद येणं, प्रसिद्धीची हवा डोक्यात जाणं, चोराला सोडून देणं, काकांचा खून आणि तो चोर समोर आल्यावरचा धक्का, सगळं त्या अकरात. बॅटमॅनच्या १९३९ मधल्या पहिल्या गोष्टीला तर ६च पानं होती. जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही हं. त्या काळच्या कॉमिक्समध्ये चित्रात दिसतंय तेच वर चौकटीत लिहून सांगायची खोड होती, आज ती वाचवत नाही. पण पानाची किंमत त्यांना कळत होती.

दुसरी फेरी मजेची आहे. संवादांचे फुगे झाकून फक्त चित्रं वाचा. कोण कुठे उभा आहे, कुणाला काय हवंय, एवढं तरी कळलं पाहिजे. माझ्या अंकात गच्चीवरच्या मारामारीत नायक एका चौकटीत डावीकडे, पुढच्या चौकटीत उजवीकडे, आणि मध्ये कुणी जागा बदलल्याचं चित्रच नाही. ठोसा कुणी कुणाला मारला हे कपड्यांच्या रंगावरून ओळखावं लागलं. मग उलटं करा: चित्रं सोडून नुसते फुगे वाचा. पान ३१ वर खलनायक आपला सगळा बेत एका फुग्यात सांगून टाकतो, ५८ शब्दांत. मोजले मी. फुगा पंचवीसेक शब्दांपलीकडे गेला की सहसा समजावं, जे चित्रात दाखवायचं राहिलं ते तोंडून वदवलंय.

त्यानंतर श्रेयनामावली बघा. पेन्सिलने चित्रं काढणारे दोन आणि त्यावर शाई फिरवणारे तीन जण दिसले तर बहुतेक वेळा तारीख अंगावर आली होती असं धरायला हरकत नाही. चित्रकार बदलल्याचे सांधे सापडतातही. पान २६ वर नायकाचे कान अचानक मोठे झाले होते. अशा वेळी सगळं खापर लेखकावर फोडू नये. पाण्याचं कोडंही मला इथेच सुटल्यासारखं वाटलं. अंक येण्याच्या साधारण तीन महिने आधी दुकानदारांसाठी त्याची जाहिरात निघते आणि तिच्यासाठी मुखपृष्ठ लागतं. तोवर आतली पानं पूर्ण झालेली असतातच असं नाही. बुडण्याचा प्रसंग मधेच कुठेतरी कापला गेला असावा.

शेवटी, तो खरंच वन-शॉट आहे का ते पाहा. मुखपृष्ठावरच्या '१' आकड्याला भुलू नका, पहिला अंक म्हटलं की खपतो म्हणून दुसरा निघणार नसला तरी तो छापतात. शेवटची पानं बोटाने झाकून गोष्ट संपते का बघा. माझ्या अंकात ३८ ते ४० म्हणजे येऊ घातलेल्या मालिकेची जाहिरात होती. १९ मधून ती तीन गेली, राहिली १६.

पुढच्या वेळी विकत घेण्याआधी नमुना म्हणून दाखवलेली चार-पाच पानं मिळाली तर चित्रांवर भाळू नका. नायकाला काय हवंय हे त्यात कळतं का, एवढंच बघा.

त्या सोळात एक पान मात्र असं निघालं की अंक रद्दीत टाकवला नाही. पान १७, चार चौकटी, एकही शब्द नाही. नायक फाटलेला पोशाख शिवायला बसलाय आणि सुईत दोरा ओवला जात नाहीये, कारण बोटं थरथरतायत. तिसऱ्या चौकटीत तो दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करतो. चौथीत दिवा जवळ ओढतो. ते पान मी माझ्या चित्रवहीत दोनदा उतरवून काढलं. थरथर दाखवायला चित्रकाराने बोटाच्या कडेला फक्त एक जास्तीची रेघ दिलीय. माझ्या हातून तीन झाल्या.