सायलेन्सरचं ग्लासवुल बदलताय? या चुका टाळा

बाइकचा आवाज फाटायला लागला की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: सायलेन्सरमधलं ग्लासवुल, म्हणजे आवाज जिरवणारा काचेच्या तंतूंचा कापूस, गेलं. मग गाडी गॅरेजला जाते, शेपटाकडचं तोंड कापलं जातं, हाताला लागेल तो कापूस आत कोंबून वेल्डिंग मारलं जातं. थोडे दिवस आवाज दबतो आणि पुन्हा फाटतो. हे काम खरं तर अवघड नाही. पण त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक पाना हातात घेण्याआधीच झालेली असते, ती म्हणजे सायलेन्सर कोणत्या प्रकारचा आहे हे न बघताच तो उघडणं.

सोलापुरात रोज धावणाऱ्या बहुतेक बाइकच्या कंपनीच्या सायलेन्सरमध्ये बदलण्याजोगं पॅकिंग, म्हणजे असं भरलेलं ग्लासवुल, नसतंच. आत कप्पे आणि आडव्या पत्र्यांच्या भिंती असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आपटतात, उलट फिरतात आणि एकमेकींना मारतात. अशा कप्प्यांत ग्लासवुल भरलं तर वायूची वाट अडते, पिकअप पडतो, इंजिन तापतं. बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत तर वाटेत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो, त्याच्यावर हातोडा चालवणं म्हणजे मोठा खर्च ओढवून घेणं. असा सायलेन्सर हलवल्यावर आत खुळखुळत असेल तर भिंत सुटलेली आहे. त्याला कापूस हा उपाय नव्हे, तो बदलायलाच हवा.

पॅकिंगचा सायलेन्सर ओळखायला सोपा. शेपटाच्या झाकणाला रिबिट किंवा स्क्रू असतात आणि टॉर्च मारून आत बघितलं की भोकं पाडलेली सरळ नळी दिसते. वायू या नळीतून सरळ जातो आणि आवाज भोकांतून बाजूच्या तंतूंत शिरून तिथे जिरतो. तंतू जळून, तुटून हळूहळू शेपटातून उडून जातात. मग आवाज पत्र्यासारखा कोरडा येतो आणि बाहेरचा डबा पूर्वीपेक्षा जास्त तापतो, कधी त्याचा रंगही पालटतो. जुन्या टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १०० ची गोष्ट वेगळी. तिथे शेपटातली जाळीची नळी तेलकट काजळीने चोंदते, ती काढून साफ करणं हेच काम.

उघडण्याआधी गळतीही तपासा, कारण निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. सकाळी गाडी थंड असताना चालू करा आणि जाड सोलापुरी टॉवेलची घडी करून शेपटाचं तोंड क्षणभर दाबा. सगळे सांधे घट्ट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडू लागेल. सिलिंडरजवळ किंवा जोडावर फुसफुस ऐकू आली, काजळीचा काळा ओघळ दिसला, की दोष तिथे आहे. थ्रॉटल सोडल्यावर फटफट फुटत असेल तरीही आधी याच जोडांकडे बघा. गॅरेजमध्ये नुसतं ‘पॅकिंग बदला’ म्हणू नका. सिलिंडरच्या तोंडाच्या रिंगलाही पॅकिंगच म्हणतात, मिस्त्री ती बदलून देईल आणि आतलं ग्लासवुल तसंच राहील. नेमकं काय बदलायचं ते सांगा.

आता मालाबद्दल, कारण इथेच सर्वांत जास्त गफलत होते. छताखाली किंवा एसी डक्टला लावायचं ग्लासवुल आत भरू नका. त्यातले तंतू राळेने चिकटवलेले असतात. राळ जळते, धूर होतो आणि उरतो तो भुगा. भांडी घासायची तारही नको, ती गंजून तुटते. ॲस्बेस्टॉसची दोरी तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिच्या धुळीने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. एक्झॉस्टसाठीचं लांब तंतूंचं ग्लासवुल किंवा बसाल्टची (काळ्या दगडाच्या तंतूंची) चटई मागा. इंजिन मोठं असेल तर नळीला लागून आधी स्टेनलेस स्टीलच्या वुलचा पातळ थर द्या, म्हणजे काचेच्या तंतूंवर थेट झोत येत नाही.

साधं ग्लासवुलही उघड्या हाताने हाताळायचं नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा हवाच. आपल्याकडच्या मे महिन्यात हे अंगावर चढवायला नको वाटतं, तर काम पहाटे करा, पण मास्क सोडू नका. जुना कापूस पाण्याने ओला करून पिशवीत बांधा. कॉम्प्रेसरच्या हवेने डबा उडवून साफ करणारे कारागीर ती धूळ स्वतःच्या आणि शेजारच्या पोरांच्या छातीत घालतात, हे बघून फार वाईट वाटतं.

रिबिट ड्रिलने काढण्याआधी झाकण आणि डब्यावर मार्करने खूण करा, नाहीतर जोडताना ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत. नळीची भोकं तारेच्या ब्रशने मोकळी करा. ती चोंदलेलीच राहिली तर नव्या पॅकिंगचा उपयोग शून्य. चटई नळीभोवती एकसारखी गुंडाळून मास्किंग टेपने धरून ठेवा, टेप नंतर जळून जाते. आणि ठासून भरू नका. तंतूंमध्ये हवा राहिली तरच आवाज जिरतो, उशी गच्च भरली की डोक्याला टोचते तसंच हे. डबा हाताच्या जोराने सरकला पाहिजे. हातोडा लागला तर माल जास्त झाला, सहज खाली घसरला तर कमी.

बसवताना सिलिंडरजवळची रिंग नवी घाला. सगळे नट आधी सैल लावा, सायलेन्सर आपसूक सरळ बसू द्या, मग सिलिंडरकडचे आवळा आणि ब्रॅकेटचा बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी ब्रॅकेट आवळला तर नळी ताणात राहते आणि काही दिवसांत तडकते. ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याची वायर सायलेन्सर काढतानाच आधी सोडवा, लोंबकळू देऊ नका.

पाण्याकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. सात रस्ता ते नवी पेठ एवढीच रोजची फेरी असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं, पॅकिंग भिजतं, डबा आतून गंजतो. अधूनमधून गाडी तुळजापूरपर्यंत पळवून आणा. सर्व्हिसिंगला प्रेशरचा पाइप शेपटात मारू देऊ नका. सायलेन्सरला खालून पाणी निघायचं बारीक भोक असेल तर ते वेल्डिंगने किंवा कापसाने बुजलेलं नाही ना, तेही बघा.

‘पॅकिंग काढूनच टाका, बेस येतो’ असा सल्ला देणारेही भेटतील. नवी बाइक कारखान्यातून निघताना ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या इंजिनाला ८० डेसिबल ही मर्यादा असते. आवाजाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही ३ महिने जातं. दंड बाजूला ठेवला तरी सिव्हिल हॉस्पिटलसमोरून रात्री ती गाडी नेणं माणुसकीला धरून नाही.

काम झाल्यावर पहिल्या फेरीत थोडा धूर येईल, तो टेपचा असतो, घाबरू नका. धूर दुसऱ्या दिवशीही येत राहिला तर माल चुकीचा आहे किंवा इंजिन तेल खातंय. पिकअप पडला असेल तर चटई सरकून नळीच्या तोंडाशी आली असेल, पुन्हा उघडा. सगळं ठीक असेल तर गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे नट परत एकदा आवळा.