नाताळासाठी करवंटीची कुंडी
शेजारून नाताळात नेवऱ्या-दोदोल अशा गोडाधोडाचं ताट येतं. ते रिकामं कसं परत करायचं? आमच्याकडून त्यात करवंटीची कुंडी जाते.

डोळे असलेली अर्धी करवंटी घ्या. तीन डोळ्यांतला एक मऊ असतो. तो मुलांना शोधू द्या, स्क्रूड्रायव्हरने भोक मात्र तुम्ही पाडा. जादा पाणी तिथूनच निथळतं. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर १२०चा. हे अंगणातच करा, भुसा फार उडतो. मुलं कंटाळली की खोबरेल द्या. बोटानं चोळताच करवंटी काळीभोर चमकते आणि पळालेले सगळे पुन्हा हजर! वर ऑइलपेंट कशाला फासायचा?

काठाला तीन भोकं पाडून सुंभ ओवा. माती, थोडं शेणखत, मनीप्लांटची फांदी. फांदीचं एक पेर, म्हणजे पान फुटतं तो सांधा, मातीत गेलंच पाहिजे, मुळं तिथूनच फुटतात.