स्लाइड लेआउटमधली लेबलं कोडने बदलताय? या चुका टाळा

‘ताई, नाव बदललं, पण स्लाइडवर जुनंच दिसतंय.’ पायथन-पीपीटीएक्स, म्हणजे पायथन कोडने पॉवरपॉइंटच्या फायली हाताळणारी लायब्ररी, नुकतीच वापरायला लागलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. बहुतेक वेळा त्यांनी बदललेली गोष्टच वेगळी असते. प्लेसहोल्डरला, म्हणजे लेआउटमध्ये (स्लाइडच्या साच्यात) मजकुरासाठी राखून ठेवलेल्या चौकटीला, तीन ओळखी असतात. पहिली नाव. ऑल्ट आणि एफ-१० दाबून सिलेक्शन पेन (स्लाइडवरच्या वस्तूंची यादी) उघडला की ते दिसतं. दुसरी प्रॉम्प्ट, म्हणजे रिकाम्या चौकटीतली ‘येथे शीर्षक लिहा’ अशी ओळ. तिसरी आयडीएक्स. हा आकडा पॉवरपॉइंटमध्ये दिसत नाही, पण स्लाइडवरची चौकट लेआउटमधल्या चौकटीशी जोडलेली असते ती याच आकड्याने. हे तिन्ही वेगळे आहेत एवढं पक्कं समजल्याशिवाय टेम्प्लेटला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजून चौकट पकडणं

या चुकीने माझी सगळ्यात जास्त डोकेदुखी केली आहे. लेआउटच्या प्लेसहोल्डरपुढे चौकोनी कंसात २ लिहिलं की यादीतली तिसरी चौकट मिळते (मोजणी ० पासून). स्लाइडच्या प्लेसहोल्डरपुढे तेच २ लिहिलं की आयडीएक्स २ असलेली चौकट शोधली जाते आणि नसली तर की-एरर (असा आकडाच नाही, अशी तक्रार) येते. लिहायला सारखंच, काम अगदी निराळं. शिवाय लेआउटमधला यादीचा क्रम म्हणजे चौकटी एकमेकींच्या मागेपुढे रचल्याचा क्रम. डिझायनरने एखादी चौकट ‘सेंड टू बॅक’ केली की तो फिरतो, आणि पडद्यावर काहीही हललेलं दिसत नाही.

पणजीतल्या एका आढावा बैठकीसाठी तालुकावार सादरीकरणं मागवली होती. टेम्प्लेट एकच, डिचोली, सत्तरी, पेडणे सगळीकडे तोच पाठवलेला. त्यात ‘मंजूर रक्कम’ आणि ‘झालेला खर्च’ अशा दोन चौकटी शेजारी शेजारी. टेम्प्लेट जाण्याआधी डिझायनरने मागची रंगीत पट्टी नीट बसवताना त्यातली एक चौकट मागे ढकलली. कोड लिहिणाऱ्या मुलाने लेबलं यादीतल्या क्रमाने बदलली होती, त्यामुळे दोन्ही प्रॉम्प्टची अदलाबदल झाली. एरर आली नाही, कारण कोडच्या दृष्टीने काही बिघडलंच नव्हतं. तालुक्यातल्या लोकांनी समोर दिसणाऱ्या लेबलाप्रमाणे आकडे अगदी बरोबर भरले. आकडे गोळा करणारा दुसरा कोड मात्र आयडीएक्सवरून वाचत होता. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी एकत्रित तक्ता उघडला, तर एकूण एक तालुक्याने मंजुरीपेक्षा जास्त खर्च केलेला! रात्री प्रत्येक कार्यालयाच्या माणसाला घरी फोन करून आकडे पडताळावे लागले. त्या मुलाचं एकच पालुपद, ‘पण ताई, कोड तर नीट चालला.’ कोड चालला म्हणजे काम झालं, ही समजूत आधी मोडायला हवी.

माझी सवय अशी. नवा टेम्प्लेट आला की पहिल्यांदा प्रत्येक चौकटीच्या प्रॉम्प्टमध्ये तिचाच आयडीएक्स लिहून फाईल सेव्ह करते आणि पॉवरपॉइंटमध्ये उघडते. कुठली चौकट १३ आणि कुठली १४ हे डोळ्यांनी दिसतं. शीर्षकाचा आकडा ० असतो, आपण वाढवलेल्या चौकटींचे साधारण १० पासून पुढे. मग आयडीएक्स आणि लेबल अशी जोडी कोडच्या माथ्यावर लिहून ठेवते, आणि त्यातला एखादा आकडा लेआउटमध्ये सापडला नाही तर कोड तिथेच थांबतो. यात थोडा वेळ जातो. ज्यांना तो वाया गेलेला वाटतो त्यांनी वरचा प्रसंग पुन्हा वाचावा.

प्रॉम्प्ट बदलला, पण खूण लावली नाही

लेआउटमध्ये मजकूर बदलूनही स्लाइडवर पॉवरपॉइंटचा ठरावीक मजकूरच दिसतो, कारण त्या चौकटीच्या एक्सएमएलमध्ये (फाईलच्या आतल्या मूळ मजकुरात) ‘हॅज-कस्टम-प्रॉम्प्ट’ हा गुणधर्म १ केलेला नसतो. लायब्ररीत त्यासाठी तयार सोय नाही, थेट एक्सएमएलमधल्या ‘पीएच’ घटकावर तो लावावा लागतो.

नावावर विसंबणं

लेआउटमधलं नाव बदलल्याने आधीच्या स्लाइडवरची नावं बदलत नाहीत. पायथन-पीपीटीएक्सने नवी स्लाइड केली तरी ते नाव उतरत नाही, लायब्ररी ‘टेक्स्ट प्लेसहोल्डर २’ असलं स्वतःचं नाव देते.

मराठी लेबलांत आणखी एक गोम आहे, आणि गोव्यात मराठी, कोकणी, इंग्रजी असे तीन तीन संच ठेवणाऱ्यांना ती हटकून छळते. ‘सादर करणाऱ्याचे नाव’ यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी वेगळं ‘ऱ’ हे अक्षर वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कोड तुलना करतो तेव्हा दोन वेगळी नावं, आणि युनिकोड नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीनेही) ती एक होत नाहीत. मी म्हणूनच आतली नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवते आणि मराठी फक्त प्रॉम्प्टमध्ये लिहिते.

त्याच प्रॉम्प्टचा फॉन्ट कोडने बदलून ‘काही झालंच नाही’ म्हणणारेही भेटतात. लायब्ररीतलं फॉन्टचं नाव फक्त लॅटिन अक्षरांना लागतं. देवनागरीसाठी एक्सएमएलमधला ‘सीएस’ हा घटक वेगळा भरावा लागतो.

उरलेल्या चुका छोट्या आहेत. प्रेझेंटेशनची लेआउट यादी फक्त पहिल्या मास्टरची (लेआउट ज्यावर बेतलेले असतात त्या मूळ साच्याची) असते, दुसरा मास्टर असेल तर सगळ्या मास्टरवरून फिरा. पीओटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची टेम्प्लेट फाईल, लायब्ररीत थेट उघडत नाही, आधी पीपीटीएक्स म्हणून सेव्ह करा. आणि विंडोजवर ‘परमिशन एरर’ आली तर कोड उपसत बसू नका, ती फाईल पॉवरपॉइंटमध्ये उघडी आहे का ते बघा.