कराटे येतं, किकबॉक्सिंग शिकायचंय? आधी हात गालापाशी आणा

कराटेत चार-पाच वर्षं घालवलेला माणूस पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला की बहुतेक वेळा एकाच सवयीमुळे मार खातो. एका हाताने पंच मारताना त्याचा दुसरा हात कमरेला जातो. माझंही तेच झालं. पहिल्याच स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) माझा ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा पंच, नेमका लागला, आणि त्याच क्षणी समोरच्याचा उजवा हात माझ्या उघड्या डाव्या गालावर बसला.

पण म्हणून कराटे सोडू नका. कराटे आणि किकबॉक्सिंगचं नातं जवळचं आहे. 1964 साली क्योकुशिन या कराटेशैलीचे तीन कराटेपटू बँकॉकला जाऊन मुए थाईच्या, म्हणजे थाई बॉक्सिंगच्या खेळाडूंशी लढले. दोघे जिंकले. हरलेले केंजी कुरोसाकी पुढे जपानी किकबॉक्सिंगचे नावाजलेले प्रशिक्षक झाले. 1993 मध्ये के-वन ही किकबॉक्सिंग स्पर्धा सुरू करणारे काझुयोशी इशिईसुद्धा कराटेचेच.

पहिले तीन आठवडे फक्त हातांना द्या. आरशासमोर उभे राहा, रुमालाची छोटी घडी डाव्या गालावर मुठीने दाबून धरा आणि उजव्या हाताने पंच मारा. रुमाल पडला की मोजणी पुन्हा एकपासून. मग बाजू बदला. कंटाळवाणं आहे, पण यात घाई केलेली मी कुणाच्याच अंगी लागलेली पाहिली नाही.

नंतर पाय. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे कराटेच्या पुढे झुकलेल्या लांब पवित्र्यात, पुढच्या पायावर जास्त भार असतो, त्यामुळे मांडीवर लो-किक आली तर तो पाय वेळेत उचलता येत नाही. दोन पायांतलं अंतर कमी करा, मागची टाच किंचित उचला आणि गुडघा वर घेऊन नडगीने किक अडवायचा सराव करा. मावाशी-गेरी, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची किक, तीही बदलते. गुणांच्या कराटेत पाय लावून झटकन मागे घेतात; इथे टेकलेल्या पायाची टाच फिरवून, कंबर पूर्ण वळवून नडगी पॅडच्या (जोडीदाराने धरलेल्या गादीच्या) आरपार न्यायची.

मग जोडफटके. एका फटक्यात काम व्हावं ही कराटेची शिकवण. किकबॉक्सिंगमध्ये जॅब (पुढच्या हाताचा पंच), क्रॉस (मागच्या हाताचा), लो-किक असं सलग मारायचं. दोन मिनिटांच्या तीन राउंड पॅडवर मारून बघा, दम कुठे कमी पडतो ते कळेल. दोरीउड्या रोज.

कराटेतलं काय जपायचं? अंतराची जाण आणि दुरून एका झेपेत आत शिरण्याची चपळाई. समोरचा पुढे यायला लागताच पोटात घातलेली माए-गेरी, म्हणजे समोरची सरळ किक, रिंगमध्येही तितकीच चालते.

आठवड्यात दोन दिवस कराटे, दोन दिवस किकबॉक्सिंग पुरे. सेन्सेईंना (कराटेच्या गुरूंना) आधी सांगा. आणि डोजोत (कराटेच्या वर्गात) काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना हात कमरेलाच न्या. याला हिकिते म्हणतात. समोरच्याचा पकडलेला हात ओढून घेणं हा हिकितेचा एक जुना अर्थ आहे, तो ग्लोव्हजसाठी पुसू नका.

स्पारिंग दोन-तीन महिन्यांनी, तेही हलकं: सोळा औंसाचे ग्लोव्हज, माउथगार्ड, शिन गार्ड, हेडगार्ड. हेडगार्डने मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. फटक्यानंतर गरगरलं, मळमळलं किंवा डोकं दुखू लागलं तर तिथेच थांबा, घरी एकटे जाऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.