शिक्षकांचे आकडे जुळत नाहीत? या चुका टाळा

राज्यात सरकारी शिक्षक किती आणि जागा रिकाम्या किती? भरतीची वाट बघणारे उमेदवार, संघटनांचे पदाधिकारी, तालुक्याचे बातमीदार, सगळेच हा हिशेब मांडतात आणि तिघांचे तीन आकडे येतात. बहुतेक वेळा खोटं कुणीच बोलत नसतं, प्रत्येकाने मोजलेलं वेगळं असतं.

पगार सरकारचा, म्हणून नोकर सरकारचा

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक जिल्हा परिषदेचा कर्मचारी, महापालिका शाळेतला महापालिकेचा. खासगी अनुदानित शाळेत पगार शासनाच्या अनुदानातून होतो, पण नेमणुकीचा आदेश संस्थेचा असतो आणि १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा लागू होतो. थेट राज्य शासनाच्या आस्थापनेवरचे शिक्षक त्या मानाने थोडेच. त्यातही शासकीय आश्रमशाळांचे शिक्षक आदिवासी विकास विभागाच्या खात्यात, शालेय शिक्षणाच्या नाही. उलट यूडायस प्लसमध्ये, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत, विनाअनुदानित शाळांचेही शिक्षक येतात. ती बेरीज ‘सरकारी शिक्षक’ म्हणून छापली की आकडा फुगलाच.

जिल्ह्याच्या बेरजेवरून रिक्त पदं काढणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मंजूर वजा कार्यरत बरोबर रिक्त, हे शाळेपुरतं ठीक आहे, जिल्ह्याला लावलं की गडबड होते. पहिली ते पाचवीच्या एका शाळेत तीन शिक्षक आहेत आणि पटावर ६२ मुलं. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवताना, आधार पडताळणी झालेलीच मुलं धरली जातात. दोघांच्या आधारवरचं नाव नि शाळेतलं नाव जुळलं नाही, पट ६० वर आला. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन. तिसरं पद गेलं, गुरुजी मात्र समायोजन (दुसऱ्या शाळेतल्या रिक्त पदावर नेमणूक) होईपर्यंत तिथेच. मंजूर दोन, कार्यरत तीन. शेजारच्या गावात तीन मंजूर पदांवर दोघेच. दोन्ही शाळांची बेरीज केली तर पाचावर पाच, रिक्त शून्य! शेजारच्या गावातला वर्ग मात्र शिक्षकाविना.

म्हणून मंजूर पदांपेक्षा जास्त असलेल्या शिक्षकांचा ‘अतिरिक्त’ हा रकाना वेगळा ठेवा. आणि रिक्त पद म्हणजे लगेच जाहिरात, हेही डोक्यातून काढा. आधी अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, मग बिंदुनामावलीची (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं, त्या नोंदीची) तपासणी, त्यानंतर शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात. निवड यादीत नाव आलेला प्रत्येक उमेदवार रुजू होतोच असंही नाही.

तारखांची सरमिसळ

यूडायस आणि संचमान्यतेचा पट ३० सप्टेंबरचा. राज्य कर्मचाऱ्यांचा सर्वंकष माहितीकोश १ जुलैचा. पगारपत्रक त्या-त्या महिन्याचं. तीन तक्ते शेजारी ठेवून ‘घट झाली’ म्हणण्याआधी एवढं आठवा, की जुन्या गुरुजींनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर सरसकट १ जून जन्मतारीख टाकली होती. त्या पिढीतले कितीतरी शिक्षक म्हणूनच ३१ मे रोजी निवृत्त होतात. एप्रिलचा आकडा जुलैला लावला तर तूट दिसणारच.

शालार्थची नावं मोजून शिक्षक मोजणं

शालार्थ ही पगाराची प्रणाली आहे, हजेरीपट नव्हे. प्रतिनियुक्तीवर गेलेल्याचा पगार मूळ शाळेतच निघतो. ज्याला शालार्थ आयडी मिळालेला नाही तो रोज वर्गावर असूनही तिथे दिसत नाही. समग्र शिक्षा योजनेतले कंत्राटी कर्मचारी मंजूर पदांत मोजू नका. शिक्षणसेवक, म्हणजे नव्याने नेमलेला शिक्षक, मात्र मोजा. मानधनावर असला तरी त्याने मंजूर पदच भरलेलं असतं.

शाळा जुळवताना नावावर जाऊ नका, वडगाव नावाची गावं राज्यात किती ते बघा. २७ ने सुरू होणारा ११ अंकी यूडायस कोड वापरा. एक्सेलमध्ये तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. बऱ्याचदा माध्यमिक विभाग आणि कनिष्ठ महाविद्यालयाचा यूडायस कोड एकच असतो, पगारपत्रकं वेगळी. अशा शाळा हाताने तपासाव्या लागतात, दुसरा इलाज नाही.

माहिती अधिकारात ‘जिल्ह्यात किती शिक्षक आहेत?’ एवढंच विचारलंत तर एका ओळीचं उत्तर येईल. जिल्हा परिषद शाळांसाठी प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, अनुदानित शाळांच्या पगारासाठी वेतन पथकाकडे अर्ज करा. त्यात तारीख घाला आणि मंजूर, कार्यरत, अतिरिक्त, रिक्त असे चार रकाने शाळानिहाय मागा.